हरण्याची नोकरी

आमचे सर टेनिसचे बॉल वाफवत असत. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सकाळचा चहा उकळायला लागला की ते पिशवीतून टक्कल पडलेले पाच-सहा बॉल काढत, पातेल्यावर पुरणाची चाळणी ठेवत आणि तिच्यात ते बॉल मांडून बसत. वाफ लागली की बॉलवरची उरलीसुरली लव ताठ होते, असं त्यांचं म्हणणं. लव ताठ व्हायची हे खरं, पण चहाला रबराचा वास यायचा. कॅन्टीनवाला कुरकुरला की सर म्हणायचे, "आलं टाक जरा जास्त." तीन वर्षं आम्ही तो आल्याचा आणि रबराचा चहा प्यायलो. पुढे नागापूरच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी साधा चहा प्यायलो, तर मला तो अळणी लागला.

सर म्हणायचं ते आम्ही म्हणत होतो म्हणून. कॉलेजच्या हजेरीपटावर ते 'मैदान मदतनीस' होते, माळी आणि शिपाई यांच्या मधल्या ओळीत. वय पन्नाशीचं, अंग काटकुळं, रंग उन्हात भाजून निघालेला. उजवा हात मात्र डाव्यापेक्षा दीडपट जाड. शर्ट शिवताना शिंप्याला दोन बाह्यांची दोन मापं घ्यावी लागत आणि दर वेळी तो शिंपी हा काय प्रकार आहे म्हणून पुन्हा मोजून बघे. पँट ते कधीच शिवून घेत नसत. कॅम्पातल्या क्लबात खेळायला येणाऱ्या एका वकीलसाहेबांच्या जुन्या, साईच्या रंगाच्या पँटी त्यांना मिळत. वकीलसाहेब कमरेला चांगलेच भरलेले होते. त्यामुळे सर ती पँट नाडीने आवळून बांधत आणि पळायला लागले की पँट त्यांच्या मागून अर्धं पाऊल उशिरा येई.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. क्लबातलं इंग्रजी मात्र येत होतं, म्हणजे आकडे आणि तीन वाक्यं. समोरच्याने चांगला फटका मारला तर 'शॉट सर', समोरचा जिंकला तर 'वेल प्लेड सर' आणि त्याचा बॉल जाळीत गेला तर 'हार्ड लक सर'. या तीन वाक्यांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि ती मैदानाबाहेरही चालतात असा त्यांचा अनुभव होता. आमच्या हॉस्टेलच्या रेक्टरांचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं, तेव्हा सगळा स्टाफ तोंड चुकवून फिरत होता. सर सरळ त्यांच्या खोलीत गेले, हात मागे बांधून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हार्ड लक, सर." रेक्टर पुढे आम्हाला म्हणाले, त्या आठवड्यात माझ्याशी नीट बोललेला हा एकच माणूस.

मी तिसगावहून नगरला कॉलेजात आलो तेव्हा टेनिस कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं. पण टेनिसच्या पोरांना सकाळी पावशेर दूध मिळतं, ही माहिती पहिल्याच दिवशी मिळाली. गेलो नाव द्यायला. सरांनी माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "शेन काढता येतं का?"

"येतं की."

"सारवता?"

"आईच्या हाताखाली सारवलंय."

"मंग ये उद्या."

माझी निवड अशी झाली. कारण आमचं कोर्ट शेणाचं होतं. खाली मुरूम, वर चाळलेली माती आणि त्यावर दर आठवड्याला शेणकाल्याचा पातळ हात. नीट सारवलेल्या कोर्टावर बॉल असा सरळ उठतो की विचारू नका. पहिल्या शनिवारी सरांना क्लबात जायचं होतं, म्हणून त्यांनी सारवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, आता दाखवू यांना तिसगावचा हात. आमच्याकडे जमीन टिकावी म्हणून शेणात गव्हाचा भुसा घालतात. मी दोन पाट्या भुसा घातला आणि आई घालायची तशी एकाला एक लागून अर्धवर्तुळं काढत सगळं कोर्ट सारवलं. लांबून पाहिलं तर लग्नघराच्या अंगणासारखं दिसत होतं. सोमवारी सकाळी सर आले तेव्हा कोर्टावर शंभरेक चिमण्या भुशातले दाणे टिपत होत्या आणि सर्व्हिसच्या रेषेवर एक शेळी उभी होती. बॉल टाकला तर तो डावीकडे वळला, आणि हातात आला तेव्हा त्याला काड्या लागल्या होत्या.

सर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. त्यांनी खाली बसून हाताने ती अर्धवर्तुळं चाचपली. म्हणाले, "काम नामी हाय. आता खरवडून काढ." ते खरवडायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत माझं दूध बाकीच्यांनी प्यायलं.

पुढच्या वर्षी पाऊस साफ गेला. गुरं छावणीत गेली, पाणी टँकरवर आलं. कोर्टाला पाणी मारणं म्हणजे पापच होतं, आणि सरांनी ते केलं नाही. हॉस्टेलच्या न्हाणीघराचं सांडपाणी त्यांनी एका खड्ड्यात वळवलं, आठवड्यातून एकदा ते बादल्यांनी उपसायचं आणि छावणीवरून मागून आणलेल्या टोपलीभर शेणात कालवायचं. तेवढ्यात अर्धंच कोर्ट सारवून व्हायचं. वर्षभर आम्ही अर्ध्या कोर्टावर खेळलो आणि त्या कोर्टाला साबणाचा वास येत होता. सर म्हणायचे, "नगरात एवढं न्हालेलं दुसरं कायबी न्हाई."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सर हरत असत.

कॉलेजात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी सरांना एका सेटमध्ये हरवलं, सहा-चार. मी दूध न पिता खोलीवर पळालो आणि घरी पत्र लिहिलं की ज्यांनी नगरच्या मोठमोठ्या साहेबांना खेळायला शिकवलं, त्यांना मी हरवलं आहे, तरी वडिलांनी माझ्या अभ्यासाची काळजी करू नये. पत्र टाकून आल्यावर खोलीतल्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "मीपण हरवलंय. सहा-चार." मग शेजारच्या खोलीत विचारलं. टेनिस खेळणारे आम्ही बाराजण होतो. बाराहीजणांनी सरांना हरवलं होतं आणि बाराहीजणांनी सहा-चार.

आम्ही जाब विचारायला गेलो तेव्हा सर रॅकेटला तेल लावत होते. रॅकेटी लाकडी, वाकू नये म्हणून प्रत्येक चौकटीत आवळलेली आणि वरून काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. काकू म्हणजे सरांची बायको. सर म्हणाले, "सहा-शून्य दिला तर मानसाला कळतं. सहा-दोनला शंका येती. सात-पाचला मानूस दमतो आन चिडतो. सहा-चार हे माप बरोबर हाय."

"पण सर, मुद्दाम कशाला?"

"नोकरीच ती हुती माझी."

आणि ती खरोखरच होती. सर कॅम्पातल्याच एका घोडेवाल्याचे. लहानपणी क्लबात बॉल उचलायला लागले आणि मोठे झाल्यावर तिथेच मार्कर झाले. मार्कर म्हणजे क्लबाने पगारावर ठेवलेला खेळाडू. ज्या मेंबराला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायचं, गुण मोठ्याने पुकारायचे, रॅकेटींच्या तारा ओढायच्या, आणि सकाळी सातला कोर्टावर आलेला साहेब नऊला घरी जाताना खूश असला पाहिजे एवढं बघायचं. पंचवीस वर्षं त्यांनी साहेबांना खूश करून घरी पाठवलं. आपला बॉल बाहेर गेला म्हणून साहेबाने हळहळू नये, यासाठी त्याच्या आधी स्वतःच आऊट मारायचं, आणि तेही असं की साहेबाला वाटलं पाहिजे आपण दडपण आणलं म्हणून गेला. ते कसब त्यांनी आम्हाला एकदा करून दाखवलं. मागच्या रेषेच्या बाहेर चार बोटांवर रुमाल अंथरला आणि दहापैकी नऊ बॉल त्या रुमालावर टाकले. "आत मारायला काय, कुनीबी मारतं," असं म्हणून त्यांनी रुमाल झटकून खिशात घातला.

त्यांचं शिकवणंसुद्धा त्याच कसबावर चाले, हे मला फार उशिरा कळलं. काल तुमचा हात जिथे पोचला त्याच्या वीतभर पलीकडे आज ते बॉल टाकत. पोचलात की उद्या आणखी वीतभर. तोंडाने काही सांगत नसत, फक्त "बॉलकडं बघ" एवढंच. वर्षभराने मी पाहतो तर मी कोर्टभर पळत होतो आणि मला कुणी पळायला सांगितल्याचं आठवत नव्हतं.

सरांना एक शब्द अभिमानाने सांगायची सवय होती. "मी प्रोफेशनल हाय." म्हणजे खेळण्याचे पैसे घेतलेला. आम्हाला वाटे ही फार मोठी पदवी असणार. एकदा मी विचारलं, "सर, मग तुम्ही स्पर्धा किती जिंकल्या?" तर म्हणाले, "प्रोफेशनलला स्पर्धेत घेत न्हाईत. पैशे घेतल्यावर नाव देता येत न्हाई." क्लबाच्या व्हरांड्यात विजेत्यांच्या नावांचा एक लाकडी फळा होता. त्याला दर शनिवारी तेलाचा बोळा सरच मारत, आणि त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांच्याशी सहा-चार जिंकलेला होता. मी म्हटलं, वाईट नाही वाटत? त्यांनी रॅकेटची तार वाजवून बघितली. मग म्हणाले, "फळ्याचं कायी न्हाई. एकदा समोरच्याला खरंखुरं हरवायचं हाय. कुनालाबी. एक मॅच. आपन जिंकू शकतो का न्हाई, हे माजं मलाच म्हाईत न्हाई बघ."

हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी दूध कुणालातरी देऊन टाकलं.

प्राचार्य टेनिसवेडे होते, त्यांनी सरांना क्लबातून कॉलेजात आणलं. पण दर रविवारी सकाळी सर क्लबात जातच, वकीलसाहेबांशी खेळायला. वकीलसाहेब माणूस मोठा दिलदार. दिवाळीला सरांच्या घरी मिठाई, वर्षाला दोन पँटी, काकूंच्या दुखण्यात डॉक्टर घरी. नगरच्या कोर्टात त्यांच्या उलटतपासणीला भले भले घाबरत. आणि समोरच्याच्या तोंडावरून खोटं ओळखणाऱ्या या माणसाला, आम्हाला जे दोन महिन्यांत कळलं ते वीस वर्षांत कळलेलं नव्हतं. दर रविवारी ते सहा-चार जिंकत, "छान खेळतोस रे, थोडक्यात राहतं तुझं," असं म्हणत आणि लिंबाचं सरबत पीत.

तिसऱ्या वर्षी वाचनालयात पेपर चाळताना मला एक बातमी दिसली. परदेशात प्रोफेशनल लोकांना स्पर्धांत खेळायची बंदी उठून केव्हाच काही वर्षं झाली होती. नगरला ती कुणी कळवायची राहिली होती, इतकंच. मी पेपर घेऊन धावत गेलो. सरांनी बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि चौथ्यांदा कॅन्टीनवाल्याकडून, मी मनचं वाचतोय की काय याची खात्री करायला.

त्या हिवाळ्यात क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. त्यात पंचेचाळीस वर्षांवरील लोकांचा एक गट होता. आम्ही सरांचा अर्ज भरला. क्लबाचे सेक्रेटरी अर्ज हातात धरून घुटमळले, जुन्या मार्करला घ्यायचं कसं म्हणून. त्यांनी टेनिस कमिटीचे अध्यक्ष म्हणून वकीलसाहेबांना विचारलं. वकीलसाहेब हसले. "घ्या की. त्यालाही हौस असेल. मी वीस वर्षं खेळतोय त्याच्याशी, सभ्य खेळतो."

गटात आठच नावं आली. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिल्याच फेरीत सरांच्या नावापुढे वकीलसाहेबांचं नाव आलं.

सरांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी बॉल वाफवायला ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरं कुनीबी चाललं असतं." आम्ही त्यांच्या मागे लागलो. सर, बारा दिवस आहेत. सर, तुम्ही आम्हाला खरे हरवा, सवय होईल. त्यांनी प्रयत्न केला. माझ्याशी पाच-चार पुढे असताना त्यांनी ओळीने चार बॉल रुमालाच्या जागेवर मारले आणि हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "ऐकत न्हाई," म्हणाले.

सामन्याच्या रविवारी आम्ही बाराहीजण सायकलींवरून क्लबात गेलो. काकूही आल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला खेळताना पाहिलं नव्हतं. मार्करच्या बायकोला क्लबात काय काम? त्या कोर्टाच्या तारेच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली चवाळं टाकून बसल्या आणि मला जवळ बसवून घेतलं, कारण त्याही मूळच्या तिसगावच्या आणि मी त्यांच्या माहेरचा. सेक्रेटरी उंच खुर्चीवर पंच म्हणून बसले. वकीलसाहेब नव्या पँटीत आले, सर त्यांच्याच जुन्या पँटीत. सुरुवात झाली आणि सर सवयीने स्वतःच गुण पुकारायला लागले. सेक्रेटरी वरून म्हणाले, "आज तुम्ही खेळा, मी म्हणतो." मग सर पलीकडच्या बाजूचे बॉल उचलायला धावले. त्यांना परत पाठवावं लागलं.

पहिला सेट वकीलसाहेबांनी जिंकला. सहा-चार.

मी मान खाली घातली. काकूंना टेनिस काडीचं कळत नव्हतं. सेटभर त्या नुसत्या बघत होत्या. सर पाणी प्यायला कुंपणाजवळ आले तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमी मुद्दाम हरताय व्हय?"

"न्हाई गं."

"मंग त्या सायबाच्या तोंडाकडं काय बघताय सारखं? पोरांना तर सांगता, बॉलकडं बघा. तुमचं ध्यान सगळं त्येंच्या तोंडावर हाय. ते हसले की तुमी हसताय."

पाण्याचा तांब्या सरांच्या हातात तसाच राहिला. तेवढ्यात वकीलसाहेब पलीकडून म्हणाले, "चल रे, छान चाललंय आज." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजी टोपी दे."

माझी टोपी एन.सी.सी.च्या शिबिरातली, पुढे छज्जा असलेली होती आणि मला मोठी होत होती. सरांनी ती घातली आणि पुढून इतकी खाली ओढली की त्यांना जाळीच्या वरचं काही दिसेना. मान थोडी वर केली तर बॉल दिसत होता आणि वकीलसाहेबांचे बूट. गुडघ्यांच्या वर वकीलसाहेब नव्हतेच.

मग जे झालं ते मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. ज्या हाताने वीस वर्षं चार बोटं बाहेर टाकलं, तो चार बोटं आत टाकायला लागला. उजव्या कोपऱ्यात, डाव्या कोपऱ्यात, जाळीला घासून. दुसरा सेट सरांनी सहा-एक घेतला. आम्ही टाळ्या वाजवायचं विसरलो होतो. तिसऱ्यात पाच-एक झालं, आणि वकीलसाहेब कमरेवर हात ठेवून थांबले. धापा टाकत म्हणाले, "काय झालंय रे तुला आज?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि तिथेच घोळ झाला. सरांनी टोपीचं टोक वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

पाच-दोन. पाच-तीन. बॉल पुन्हा रुमालाच्या जागी पडायला लागले. शेजारी काकू उठून उभ्या राहिल्या, कुंपणाला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाल्या, "टोपी."

एवढंच. फार मोठ्याने नाही, पण सगळ्या क्लबाला ऐकू गेलं. सरांनी टोपी खाली ओढली आणि पुढच्या चार बॉलांत सामना संपवला.

ते जाळीजवळ गेले. वकीलसाहेबांनी हात पुढे केला आणि सरांच्या तोंडून सवयीने निघालं, "वेल प्लेड, सर." वकीलसाहेब हात हातात धरून तसेच थांबले. हरल्यावर कुणी त्यांना हे म्हणालं नव्हतं, पण हाच सूर ते वीस वर्षं रविवारी ऐकत आले होते. उलटतपासणी करणारा माणूस तो. मी लांबून त्यांचं तोंड पाहत होतो, आणि एकेक रविवार आठवून पाहताना दिसत होते ते. मग त्यांनी हात सोडला, रॅकेट उचलली आणि सरबत न पिता गाडीत बसून गेले.

दुसऱ्या फेरीत एका निवृत्त मेजरने सरांना सहा-दोन, सहा-दोन धुतलं. त्यावर सर बेहद्द खूश. "काय खेळला राव त्यो! मी सगळा जोर लावला तरी घेतली त्यानं. खरा हरलो बघ मी." सगळ्यांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पण पुढचे दोन रविवार वकीलसाहेब क्लबात आले नाहीत. सर सातला जात, नऊपर्यंत एकटे बसत आणि परत येत. त्यांचा चेहरा उतरला. "त्यांचा रविवार मोडला मी," म्हणायचे. मला तेव्हा त्यांचा रागच आला. आयुष्यात एकदा जिंकलात, तर निदान महिनाभर तरी छाती काढून फिरा. पण त्यांना खरंच झोप लागत नव्हती, काकू सांगत होत्या. वकीलसाहेबांच्या घराच्या फाटकापर्यंत ते दोनदा जाऊन आले आणि दोनदा तसेच फिरले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी की बुधवारी, सकाळी सहाला आम्ही रांगेत उभे राहून हात गरम करत होतो आणि वकीलसाहेबांची काळी गाडी कॉलेजच्या मैदानावर आली. ते रॅकेट घेऊन उतरले आणि सरळ सरांसमोर येऊन उभे राहिले. सरांचे हात आपोआप मागे गेले.

"वीस वर्षांत मी खरा किती वेळा जिंकलो?"

सरांनी मनाशी हिशेब केला. खोटं बोलणं त्यांना शक्य होतं, तेवढं कसब त्यांच्या अंगात होतं. "एकदा, सायेब," ते म्हणाले. "मला मलेरिया झाल्ता तवा."

आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. वकीलसाहेबांनी तिकडे पाहिलंही नाही.

"माझा बॅकहँड चुकतो?"

"व्हय, सायेब."

"कधीपासून?"

"पैल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"क्लबात सांगायचं नसतं, सायेब. आन तुमी इचारलं न्हाई कदी."

"आता विचारतोय."

सरांनी मान वर केली आणि वकीलसाहेबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मंग रांगेत उभं ऱ्हावा," म्हणाले. "त्या तिसगावच्या पोराच्या मागं."

जिल्ह्यातला नावाजलेला वकील माझ्या मागे उभा राहिला आणि आपली पाळी यायची वाट बघू लागला. आठवड्यातून तीन दिवस ते येऊ लागले. सर त्यांचं मनगट धरून वळवत, खांदा दाबत, आणि रविवारी त्यांच्याशी सेट खेळत. सहा-शून्य. पुढच्या रविवारी सहा-शून्य. मार्च गेला, एप्रिल आला, आमच्या परीक्षा तोंडावर आल्या, तरी सहा-शून्य. वकीलसाहेब दर वेळी घाम पुसत विचारत, "एकही नाही?" आणि सर म्हणत, "अजून न्हाई, सायेब."

मग एका सोमवारी मी फी-सवलतीच्या प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टात गेलो होतो. बाहेर चहाच्या टपरीपाशी काळ्या कोटांची गर्दी आणि मध्ये वकीलसाहेब, हातातला चहा निवून गेलेला. आदल्या दिवशी मी क्लबात होतो, त्यामुळे काय चाललंय ते मला लगेच कळलं. त्यांनी मला पाहिलं आणि गर्दीतून बोट केलं.

"हा पाहा, हा तिथे हजर होता. सांग रे यांना, काल काय लागला?"

"सहा-दोन, साहेब."

"कोण हरलं?"

"तुम्ही."

"ते दोन गेम मला त्यानं दिले का?"

सगळे काळे कोट माझ्याकडे बघत होते. मला आठवलं, काल त्या दोन गेमांच्या वेळी सर जीव तोडून पळाले होते, दोनदा पडले होते आणि त्यांचा गुडघा फुटला होता.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "तुम्ही घेतले."

वकीलसाहेब त्या सगळ्यांकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "ऐकलंत?" ते म्हणाले. "दोन."